तोंडाचा पट्टा आणि फुसका बार

शस्त्र न चालवता शस्त्रविद्येची फुशारकी मारणाऱ्याला मराठीने अनेक नावे ठेवली आहेत. या नावांत बहुधा शस्त्र हातातून निघून तोंडात गेलेले दिसते.

तीसमारखाँ : खोट्या पराक्रमाची शेखी मिरवणारा. लोककथेप्रमाणे या वीराने मारलेले तीस जण म्हणजे तीस माश्या. ‘खाँ’ ही सन्मानाची उपाधी येथे उपहासासाठी जोडली आहे.

तोंडाचा पट्टा : पट्टा हे मराठ्यांच्या आवडीचे शस्त्र. त्याची मूठ पोलादी खोबणीसारखी असून ती कोपराकडे हात झाकते. मनगट वळवून वार करता येत नसल्याने तो चालविण्यास दीर्घ सराव लागतो. तोंडाचा पट्टा मात्र सरावाविना अखंड चालतो.

वल्गना : संस्कृतात मूळ अर्थ उसळणे, उड्या मारणे. मराठीत केवळ शब्दांच्या उड्या उरल्या.

फुसका बार : ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरून ते गजाने ठासावे लागतात. दारू सर्दावली की बार फुसका जातो. चिपळूण तालुक्यातील सावर्ड्यासारख्या कोकणी गावांत, जेथे पावसाळी हवा दमट आणि रानडुकरांपासून भातशेती राखणे ही नित्याची चिंता, तेथे हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बढाई ऐन वेळी उघडी पडली की तिलाही हेच नाव मिळते.

या साऱ्यांचा पूर्वज महाभारताच्या विराटपर्वात भेटतो. राजपुत्र उत्तर अंतःपुरात स्त्रियांसमोर गर्जतो, की सारथी तेवढा मिळाला तर कौरवांना मी एकटाच जिंकीन. सारथी म्हणून बृहन्नडा मिळते. कौरवसेना दिसताच उत्तर रथातून उडी टाकून पळतो. बृहन्नडेच्या वेषातील अर्जुन त्याला धरून आणतो, सारथ्याच्या जागी बसवतो आणि स्वतः लढतो. ‘घोडामैदान जवळच आहे’ या म्हणीचा अर्थ हाच : परीक्षा दूर नाही.

उत्तराच्या बढाईने कोणाचा जीव गेला नाही. बंदुकीच्या बाबतीत तशी खात्री देता येत नाही. आपले कसब सिद्ध करण्यासाठी लग्नात वा मिरवणुकीत हवेत झाडलेली गोळी खाली येतेच. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, निष्काळजीपणाने किंवा जल्लोषात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. रानात रात्री हालचाल दिसताच बार काढणाऱ्याच्या समोर डुक्करच असेल असेही नाही. आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार विनापरवानगी डुक्कर मारणे हाही गुन्हाच.

म्हणूनच तीसमारखाँ तोंडाचा पट्टा फिरवीत असेपर्यंत हसण्यावारी नेता येतो. त्याच्या हाती भरलेली बंदूक आली, की ‘करून दाखव’ असे त्याला डिवचणारेही तितकेच दोषी ठरतात.