डिजिटल एक्स-रेची तपासणी : प्रतिमेच्या मागचे आकडे

फिल्मच्या काळात एक्स-रे मशीनचे काही बिनसले की फिल्मच चुगली करायची. किरणांची मात्रा जास्त झाली की फिल्म काळीठिक्कर, कमी पडली की पांढरट. डिजिटल डिटेक्टरने ही सोय काढून घेतली. मात्रा कमी पडली तर प्रतिमा रवाळ दिसते आणि रेडिओलॉजिस्ट लगेच ओरडतो; दुप्पट झाली तर प्रतिमा उलट अधिक स्वच्छ येते, आणि तिच्याबद्दल कोण कशाला तक्रार करेल? पुन्हा एक्स-रे काढायला लागू नये म्हणून टेक्निशियन एमएएस (ट्यूबचा प्रवाह गुणिले वेळ) जरा वर ठेवतो आणि रुग्णाची मात्रा कोणाच्या नकळत चढत जाते. तेव्हा नुसत्या प्रतिमेवरून यंत्रणेला पास करणे धोक्याचे.

ट्यूब आणि जनरेटरच्या चाचण्या जुन्याच आहेत. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानुसार दर 2 वर्षांनी त्या होतात : केव्ही, म्हणजे ट्यूबचे व्होल्टेज, दाखवलेल्या आकड्यापासून 5 पेक्षा जास्त हलू नये, दिव्याचा चौकोन आणि किरणांचा चौकोन यांतला फरक अंतराच्या 2 टक्क्यांच्या आत राहावा, वगैरे. मीटर ठेवला की उत्तर मिळते.

डिटेक्टर मात्र सहजी हाती लागत नाही. पडद्यावर येईपर्यंत प्रतिमेवर बरेच संस्कार झालेले असतात. पिक्सेल मेला असेल तर सॉफ्टवेअर शेजाऱ्यांची सरासरी घेऊन ती जागा बुजवते. उजेडाची विषमता कॅलिब्रेशनच्या नकाशाने सपाट करते. म्हणून तपासणीला प्रोसेसिंगपूर्वीची कच्ची प्रतिमाच हवी. ती द्यायला काही सर्व्हिस इंजिनिअर का कचरतात, हे त्यांनाच ठाऊक.

या साऱ्यात सर्वांत मोलाची चाचणी एक्सपोजर इंडेक्सची. प्रत्येक प्रतिमेसोबत येणारा हा आकडा 2008च्या आंतरराष्ट्रीय मानकाने एका व्याख्येत बसवला : डिटेक्टरवर पडलेले मायक्रोग्रे गुणिले 100. पडताळणी अशी. ट्यूबच्या तोंडाशी 21 मिमी ॲल्युमिनियम लावायचे, केव्ही 70च्या आसपास, ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) बाहेर. डिटेक्टर 150 सेंमीवर. मीटर त्याला चिकटवला तर मागून परतणारे किरणही मोजले जातील, म्हणून तो 100 सेंमीवर धरायचा. समजा वाचन आले 9 मायक्रोग्रे. अंतराच्या वर्गाच्या नियमाने 150 सेंमीवर ते 4 होते, म्हणजे इंडेक्स 400 यायला हवा. मानक 20 टक्क्यांची सूट देते. 320 ते 480च्या बाहेर आकडा गेला, तर त्या यंत्रावरच्या रोजच्या नोंदी वाचण्यात अर्थ नाही.

आणखी एक गफलत नेहमी होते. हा आकडा डिटेक्टरचा, रुग्णाच्या मात्रेचा नव्हे. जाड माणसाच्या आणि सडपातळ माणसाच्या छातीचा इंडेक्स सारखा येऊ शकतो, पण त्यांच्या त्वचेवर पडलेली मात्रा मुळीच सारखी नसते. प्रतिमेतील किरणक्षेत्राच्या कडा ओळखण्यात सॉफ्टवेअर चुकले तरी आकडा भरकटतो.

इंडेक्सची तुलना होते लक्ष्य-आकड्याशी, आणि फरक डेव्हिएशन इंडेक्समध्ये दिसतो : शून्य म्हणजे अचूक, अधिक 1 म्हणजे सुमारे 26 टक्के जास्त, अधिक 3 म्हणजे दुप्पट. पण लक्ष्यच दुप्पट धरले असेल तर दुप्पट मात्रेलाही पडदा शून्यच दाखवतो. हे लक्ष्य छाती, पोट, हात आणि लहान मुले यांच्यासाठी वेगवेगळे, त्या विभागानेच ठरवायचे असते. मशीन बसवताना भरलेला आकडा तसाच राहिला आहे का, हे तपासनिसाने पहिल्याच भेटीत पाहावे.