'आत्याबाई' : एका नातेवाचक संज्ञेचा अर्थेतिहास

विटा आणि त्याभोवतीचा खानापूर तालुका, किंबहुना एकूणच दक्षिण महाराष्ट्र, येथे सून सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्याला 'मामा' वा 'मामंजी' म्हणत आली आहे. 'सासू' हा शब्द तिच्या भाषेत आहेच. परंतु तो सासूविषयी बोलण्याचा शब्द आहे, सासूशी बोलण्याचा नव्हे. उल्लेख आणि संबोधन यांच्यातील ही तफावत केवळ शिष्टाचाराची मानली, तर तिच्यामागील इतिहास नजरेआड होतो.

इरावती कर्वे यांनी भारतीय आप्तसंबंधांवरील आपल्या १९५३ च्या इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण यांच्यामधील प्रदेश मानले. मामाची मुलगी करण्याची मुभा, नव्हे पसंती, आणि आत्याच्या मुलीविषयी मात्र संकोच, हा त्या मध्यस्थितीचा एक विशेष. या व्यवस्थेत मुलगी बापाच्या बहिणीच्या घरी जाते. म्हणजे तिची सासू ही लग्नापूर्वीचीच आत्या असते. आणि आत्याच्या नवऱ्यालाही या भागात 'मामा' म्हणतात. 'भाची सून' हा वाक्प्रयोग याच नात्याची दुसरी बाजू सांगतो. बौधायनधर्मसूत्राने दाक्षिणात्यांचे विशेष आचार नोंदविताना मामाच्या व आत्याच्या मुलीशी विवाहाचा निर्देश केला आहे, तेव्हा या प्रथेचे प्राचीनत्व वेगळे सिद्ध करावयास नको.

शब्दाचा पुरावाही तितकाच बोलका आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राने 'देशीनाममाले'त 'अत्ता' या शब्दाचे चार अर्थ दिले : माता, आत्या, सासू आणि सखी. देशी शब्दांत त्याची गणना करणे म्हणजे संस्कृतातून तो व्युत्पन्न होत नाही असे मानणे होय. कन्नडमध्ये 'अत्ते' हा एकच शब्द आजही आत्या आणि सासू या दोहोंसाठी वापरला जातो. ज्या जिल्ह्यात जतकडील कन्नड भाषक गावेही येतात, त्या जिल्ह्यातील 'आत्याबाई'ला हे साहचर्य परके नाही. मराठीने मात्र उल्लेखाच्या पातळीवर 'श्वश्रू'पासून आलेला 'सासू' शब्द ठेवला आणि संबोधनाच्या पातळीवर दक्षिणेचा नात्याचा घाट. एकाच सुनेच्या बोलण्यात दोन आप्तव्यवस्था अशा शेजारी नांदतात.

या द्वैताचा वाङ्मयीन परिणाम हालाच्या गाथासप्तशतीत दिसतो. 'अत्ता' हा शब्द असलेली तिच्यातील एक गाथा आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात उदाहृत केली. रात्री मुक्कामास राहणाऱ्या पांथस्थाला तरुणी अत्ता कोठे निजते आणि आपण कोठे, हे दिवसाच दाखवून देते. वाच्य निषेधाचे, व्यंग्य आमंत्रणाचे. संस्कृत छायेत 'अत्ता'चे 'श्वश्रू' होते आणि पुढील चर्चा तेवढ्यावरच चालते. अत्ता येथे सासूच आहे, याविषयी शंका नाही. प्रश्न ती कोणत्या नात्याने सासू आहे, हा आहे. ती बापाची बहीणही असेल, तर तरुणीच्या धाडसाला माहेर आणि सासर अशी दुहेरी पार्श्वभूमी लाभते. गाथा याचा निर्णय देत नाही. परंतु मूळ शब्दात खुली असलेली ही शक्यता छायेत बंद होते, आणि महाराष्ट्री प्राकृताचा वारसा सांगणारी मराठी समीक्षा छायेचीच निवड पुढे चालविते.

'आत्याबाई' म्हणणारी प्रत्येक सून भाची नसते, हा आक्षेप येथे संभवतो. तो खराच आहे. पण त्याने शब्दाचे महत्त्व वाढते. परक्या घरातून आलेली मुलगी त्या संबोधनाने, 'मी तुमच्या भावाची मुलगी', असा दावा मांडते. नाते कल्पित असले, तरी त्यातून निर्माण होणारी अपेक्षा कल्पित नसते. आत्याला भाचीची लाज राखावी लागते. अर्थात खरी आत्याही सासू झाल्यावर कठोर होऊ शकते. संबोधन हे संरक्षणाचे आश्वासन आहे, हमी नव्हे.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने भाऊ-बहिणीच्या अपत्यांचा विवाह निषिद्ध नात्यांत घातला, मात्र रूढीला अपवाद म्हणून वाव ठेवला. अलीकडे अनेक घरांत सासूला 'आई' म्हणण्याची रीत रुळली आहे. हा बदल जिव्हाळ्याचा मानला जातो. परंतु 'आई' हे संबोधन मुलीच्या स्वतःच्या आईची जागा मागते, तर 'आत्याबाई' तिच्या बापाचे घर तिच्यासोबत सासरी आणीत असे. एका संबोधनाच्या जागी दुसरे येताना सुनेच्या हातून नेमके काय निसटते, याचा विचार मराठी कादंबरीतील सासू-सुनेच्या संवादांचा अभ्यास करणाऱ्यांनाही टाळता येणार नाही.