दातांनी सांगितलेला इतिहास

मंडळी, सत्तरी ओलांडली की घरात दातांचा विषय रोज निघतोच! पण आज कवळीबद्दल नाही, इतिहासाबद्दल लिहायचं आहे.

शाळेत इतिहास शिकवताना राजे, लढाया, तह आणि सनावळ्या यांतच वर्ष संपायचं. ज्यांच्याबद्दल कुणी काही लिहूनच ठेवलं नाही, त्यांचं काय? त्यांची साक्ष दात देतात. दातावरचं इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. मोडलेलं हाड सांधतं, पण इनॅमल एकदा बनलं की पुन्हा भरून येत नाही. ते थराथराने बनत असताना मुलाची उपासमार झाली किंवा मोठं आजारपण आलं, तर तिथे रेघ किंवा खळगा राहतो, तो कायमचा. दुधाचे दात तर आईच्या पोटातच घडू लागतात. जन्माच्या वेळची बारीक रेघही त्यांत सूक्ष्मदर्शकाखाली दिसते!

आपल्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती सापडली. जव पिकवणारी, पाटाचं पाणी वापरणारी माणसं. इ. स. पूर्व १०००च्या सुमारास पाऊसमान घटलं, चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या.

तिथे दोनशेहून अधिक दफनं मिळाली, बहुतेक लहान मुलांची. दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत मूल ठेवायचं आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचं. दातांची वाढ कुठवर आली यावरून मुलाचं वय ठरवता येतं. डॉ. सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतले जॉन लुकाक्स यांनी या मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवरचे खळगे तपासले. पाऊस आणि शेती बदलली तेव्हा तान्ह्या मुलांच्या अंगावर त्याचा किती ताण पडला, हे त्यांना शोधायचं होतं. १९९८ साली त्यावरचा त्यांचा शोधनिबंध आला.

दुष्काळ शिलालेखात येतो तो राजाने काय दिलं म्हणून. इथे मात्र तो ज्याने सोसला त्याच्याच दातात शोधता येतो.

माझ्या आजीची दोन मुलं तान्हेपणीच गेली. त्यांची नावं आमच्या वंशावळीत नाहीत. रांजणातलं मूल घराबाहेर न नेणारी ती आई मला म्हणूनच फार परकी वाटत नाही.

असो. तुमच्या घरात अशी न लिहिलेली नावं असतील, तर विचारून ठेवा. सांगणारी माणसं आहेत तोवरच.