उलाळ : बंडीपासून ट्रेलरपर्यंत

हिंगणघाटचा कापूस रेल्वे येण्याआधीही फार लांब जात होता. लदाऊ बैलांच्या पाठीवरून तो थेट गंगाकाठच्या मिर्झापूरला पोचे. या वाहतुकीत ओझ्याइतकाच तोल महत्त्वाचा. गोणीचे दोन कप्पे सारखे भरले नाहीत, तर ती एका अंगाला सरके आणि बैलाची पाठ सोलून निघे. 1862 साली वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला, 1866 मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसले आणि 1867 मध्ये लोहमार्ग नागपूरला भिडला. रेल्वेने बैलाला रजा दिली, असे आपण समजतो. मला ते पटत नाही. त्याचा लांबचा पल्ला सुटला, पण शेतापासून स्टेशनापर्यंत आता बंडीभर माल ओढायचा होता.

बंडीला चाके दोनच; तिसरा टेकू म्हणजे बैलांचे खांदे. आखाच्या मागे माल जास्त झाला की दांडी उचलली जाते, जू खांद्यावरून सुटते आणि गळ्यातली जोती फास लावतात. हीच उलाळ. पुढे जास्त झाला तर सगळा दाब मानेवर येतो, खांदा सुजतो, मग फुटतो. दोन्ही चुका टाळायच्या तर दांडी किंचित पुढे जड हवी. किती, हे जाणता गाडीवान बैल जुंपण्याआधी ती हाताने उचलून ठरवी. चढावर तो पुढे दांडीवर सरके, उतारावर मागे. स्वतःचे वजन त्याने असे वापरले, याची नोंद मला कुठल्या सरकारी कागदात अपेक्षितही नाही. आपला गवळाऊ बैल तर अंगाने हलका, चालीला चपळ. दुडक्या चालीत दर खड्ड्याला दांडी खालीवर होते, तिथे बिघडलेला तोल अधिकच छळतो.

सरकारने मोजले ते वजन. ओझ्याच्या जनावरांना क्रूरतेपासून वाचवण्यासाठी 1965 साली केंद्राने नियम केले. मोठ्या बैलाच्या दोनचाकी गाडीला हवेचे टायर नसतील तर 900 किलो, असतील तर 1350 किलो. नियम चांगलाच आहे. पण ते 900 किलो आखाच्या कुठल्या बाजूला, हे तक्त्यात मावत नाही.

हिंगणघाटवरून जाणाऱ्या नागपूर–हैदराबाद महामार्गावर आज जे लांब ट्रेलर धावतात, ते मला बंडीचेच वंशज वाटतात. त्यांचाही पुढचा भाग ओढणाऱ्याच्या पाठीवर टेकलेला असतो. या जोडणीला 'फिफ्थ व्हील', म्हणजे पाचवे चाक म्हणतात. हे नाव घोडागाडीचे : पुढचा आख वळावा म्हणून त्यावर आडवे कडे बसवत, ते चार चाकांवरचे पाचवे. अमेरिकेत पिकअप गाडीमागे असा घरवजा ट्रेलर ओढणारे एकूण वजनाचा साधारण 15 ते 25 टक्के भार पुढच्या खुंटीवर ठेवतात. आपला गाडीवान टक्केवारीशिवाय तेच करत होता.

ट्रॅक्टरच्या दोनचाकी ट्रॉलीत मात्र हे ज्ञान पोचलेले दिसत नाही. कापूस फुगीर, फळ्या लावून तो मागे आणि वर वाढवत नेतात. मागचा भार वाढला की ट्रॉली ट्रॅक्टरची मागची बाजू उचलू पाहते, त्या चाकांची पकड सुटते, उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला आडवे ढकलते. पुढे फार झाला तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवूनही तो वळत नाही. बैल निदान थांबून फुरफुरत असे. इंजिन काही बोलत नाही. बाजारच्या आवारात चालकांना मी विचारतो तेव्हा उत्तर क्विंटलमध्ये मिळते. हुकावर किती भार, हा प्रश्नच त्यांना नवा वाटतो. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकही नाहीत. काही जण तर ओढ वाढावी म्हणून साखळी आखापेक्षा वर बांधतात, आणि जोर लावताच ट्रॅक्टर पुढून उठून मागे उलटू शकतो. जोडणी ठरलेल्या आडव्या पट्टीलाच, आखाच्या खाली हवी.