वाड्याची थ्री फेज

राज्याचं वीज मंडळ 1960 सालचं आणि मीही त्याच सालचा. पण आमची गाठ पडली ती मी चौथीत असताना. वाड्यात दोन बल्ब आले, एक सोप्यात आणि एक चुलीपाशी. संध्याकाळी बटण दाबलं की आई बल्बला हात जोडायची.

त्या दोन बल्बांसाठी आणलेली सर्व्हिस वायर छत्तीस वर्षं तशीच राहिली. वाड्यात मात्र आम्हा तिघा भावांच्या तीन चुली झाल्या. फ्रिज आले, मिक्सर आले, न्हाणीत गिझर आले. फ्यूज सारखा उडायचा, म्हणून मधल्यानं त्यात जाड तार घातली. उडायचा थांबला. आम्हाला वाटलं, काम झालं!

2006 चा श्रावण. आई न्हाणीत नळाला हात लावायला गेली आणि फेकल्यासारखी मागं पडली. वाचली, पण डावा हात महिनाभर बधिर होता.

बहिणीचा मुलगा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेला. तो आला, माळवदाखाली चढला. तुळईवरची लाकडी पट्टी काढून माझ्या हातात दिली. आतनं कोळसा झालेली.

“मामा, फ्यूज वितळतो ते त्याचं कामच आहे. तुम्ही त्याचं कामच बंद केलंत.”

मग वही घेऊन त्यानं घराघरातलं एकेक उपकरण लिहून काढलं. सगळं एकदम चालू झालं तर 9 किलोवॅट. 230 व्होल्टनं भागलं तर 39 अँपिअर, आणि सगळा भार त्या एका जुन्या वायरीवर. थ्री फेज घेतली आणि भार सारखा वाटला तर एका फेजवर 13 च अँपिअर. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं, पण हा भागाकार मला कळला.

धाकटा म्हणाला, “त्यापेक्षा तीन वेगळे मीटर घेऊ.”

आई चुलीपाशी बसली होती. “म्हणजे वाटण्या करताय का रे?”

कुणी बोललं नाही. मग भाचाच म्हणाला, “आजी, मीटर एकच ठेवू. प्रत्येक मामाला एक फेज.”

वाढीव भाराचा अर्ज, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, कोटेशन भरणं यात दिवाळी गेली. आदल्याच वर्षी मंडळाच्या कंपन्या झाल्या होत्या. आमच्या तोंडी मात्र अजून एमएसईबीच. लोडशेडिंगचे दिवस, त्यामुळं नवी वायरिंग करायला वीज बंद ठेवा असं कुणाला सांगावंच लागलं नाही. भाच्यानं 30 मिलिअँपिअरला तुटणारा ब्रेकर बसवला. परसात खड्डा घेऊन पत्रा पुरला, भोवती कोळसा आणि मीठ. बिलाच्या वाटणीवरनं पुढं कुरबुरी झाल्याच, ते लपवत नाही.

खड्ड्यात ओल राहायला पायजे, असं भाचा सांगून गेला होता. ते काम आईनं आपणहून घेतलं. उन्हाळ्यात सकाळी तुळशीला पाणी घातलं की एक कळशी तिकडं ओतायची.