नक्कल कोणी केली?

संकेतस्थळे ठेवलेल्या सर्व्हरचा सगळा कारभार ज्या पडद्यावरून चालतो, तो कंट्रोल पॅनेल. जून २०१९मध्ये सीपॅनेलने खात्यांच्या संख्येवर दर आकारण्याचे जाहीर केले आणि अनेकजण मोफत पर्याय शोधू लागले. जेमी कॅमेरॉन यांचे १९९७पासूनचे वेबमिन हा त्यांतला जुना, भरवशाचा पर्याय. पण ऑगस्टमध्येच उघड झाले, की एप्रिल २०१८मध्ये कोणीतरी त्याच्या बांधणीच्या सर्व्हरवर शिरून चोरवाट ठेवली होती. गिटहबवरची मूळ संहिता निर्दोष होती. लोकांनी उतरवून घेतलेली पॅकेजे मात्र दूषित. पोथी शुद्ध, नक्कल भ्रष्ट! हस्तलिखितांच्या अभ्यासकांना हा भेद परिचित आहे. म्हणून मोफत पॅनेल निवडताना किमतीच्या आनंदाआधी विचारावे : नक्कल कोणी केली, आणि ती मुळाशी ताडून कोण पाहते?