हगाम्यातली रेवडी

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या गावजत्रांना कुस्त्यांच्या हगाम्याशिवाय रंग चढत नाही. हलगी कडाडली की आधी लहान पोरे उतरतात. वय आणि अंगलट पाहून त्यांची जोड लावली जाते आणि जिंकणाऱ्याच्या ओंजळीत रेवड्या पडतात. मग नारळावरच्या कुस्त्या, मग रुपयांवरच्या. इनामाची रक्कम चढत चढत शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत जाते. मुलांना व्यायामाची गोडी लावण्याची या भागातली ही जुनी रीत. यंदा रेवडी मिळवलेल्या पोराला पुढच्या जत्रेत नारळ हवा असे, आणि त्यासाठी वर्षभर तालमीत जोर-बैठका आल्याच.

या रीतीत अंग भरणे हेच ध्येय होते. दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. कालव्याचे पाणी पोहोचण्यापूर्वी जिथे भाकरीचीच भ्रांत होती, तिथे पोराच्या अंगावर मांस चढणे ही घराची इभ्रत ठरे. म्हणून बक्षीसही खाण्याचे, आणि तालमीत जाणाऱ्याला दूध, तूप, बदामाचा खुराक वेगळा. खाल्लेले जिरवायला शेत होते, आखाडा होता. पुढे ऊस आला, गुऱ्हाळे आली, साखर कारखाने उभे राहिले. रांजणगाव आणि कुरकुंभला औद्योगिक वसाहती झाल्या. तालमी ओस पडू लागल्या, खुराकाची हौस मात्र टिकली.

दरम्यान शाळांमध्ये बक्षिसाची वेगळी कल्पना आली. केंद्र सरकारने १९५९-६० मध्ये शारीरिक क्षमता मोहीम सुरू केली. धावणे, उडी, फेक यांची वयानुसार ठरलेली पातळी गाठली की एक, दोन किंवा तीन तारे मिळत. इथे कुणाला चीतपट करायचे नव्हते. वर्गातल्या प्रत्येकाला तारा मिळू शकत होता. फडात कधीच न उतरणाऱ्या जाड्या मुलाच्या दृष्टीने हा फरक मोठाच. तरीही मोजली जात होती ती क्षमता. रोजची सवय नव्हे.

खुराक टिकून मेहनत सुटली की येणारा लठ्ठपणाचा प्रश्न या मुलखात किती आडून येतो, ते पुण्याच्या केईएम रुग्णालयाने दाखवून दिले. त्याच्या वढू येथील ग्रामीण केंद्रातून शिरूर आणि हवेलीतल्या २२ गावांच्या आरोग्याची नोंद २००२ पासून ठेवली जाते. त्याआधी, १९९३ मध्ये, याच रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला होता. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण कमी होते ते स्नायू. त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. दिसायला किडकिडीत असलेल्या पोरातही पुढच्या मधुमेहाचे बीज असू शकते. त्यामुळे नुसत्या काट्यावरचे किलो हे मुलासमोर ठेवण्याजोगे उद्दिष्ट नाही.

नुसत्या वजनाऐवजी वागण्यालाही बक्षीस देण्याची पद्धत अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लेनर्ड एपस्टाइन यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून घडवली. पदार्थांना सिग्नलचे रंग दिले: हिरवे मनसोक्त, पिवळे बेताने, लाल क्वचित. आठवड्याची छोटी उद्दिष्टे आईवडील आणि मूल मिळून ठरवत आणि ती पाळली की शाबासकी किंवा आधी कबूल केलेले बक्षीस मिळे. १९९० मध्ये त्यांनी दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका गटात सवयी बदलून वजन घटवल्याबद्दल मुलाला आणि पालकाला दोघांनाही बक्षीस होते. दुसऱ्यात नुसत्या हजेरीला. पहिल्या गटातल्या मुलांचा लठ्ठपणा दहा वर्षांनीही स्पष्टपणे कमी आढळला.

आपल्याकडे, जिथे मुलाचे ताट आजीच्या हाती असते, तिथे पालक म्हणजे केवळ आईबाप नव्हेत. भारतात २०२० च्या नियमांनी शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरपर्यंत जास्त साखर, मीठ आणि मेदाचे पदार्थ विकण्यास मनाई केली. घरी मात्र पहिला नंबर आला की बक्षीस म्हणून पेढेच येतात.